प्लांट बंद न करता टाकीतली चीर ऐकू येते का? (अकूस्टिक एमिशन टेस्टिंग)

कुळागर:
नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे अमोनियाची आडवी बुलेट (दाबाखालची लांबट टाकी) आहे, कार्बन स्टीलची, बरीच जुनी. तिच्या आतून तपासणीची पाळी जवळ आलीय. म्हणजे टाकी रिकामी करा, नायट्रोजनने पर्ज करा, मॅनहोल उघडा, माणूस आत उतरवा, वेल्ड घासून एमपीआय (चुंबकी कणांनी चिरा शोधणं) करा, वर हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी). तोवर प्लांट बंद.

आता एका एजन्सीने साहेबांना सांगितलंय की यातलं काहीच करायला नको. बाहेरून सेन्सर चिकटवू, दाब थोडा वाढवू, टाकीत कुठेही चीर असेल तर तिचा आवाज पकडू. अकूस्टिक एमिशन, थोडक्यात एई. त्यांच्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "एका दिवसात शंभर टक्के टाकी तपासून मिळेल". साहेब खूश आहेत.

अल्ट्रासोनिक (यूटी), डीपी (रंगद्रवाने चिरा शोधणं), एमपीआय, रेडिओग्राफी हे सगळं मी करून घेतलंय. हे आवाज ऐकण्याचं तंत्र माझ्यासाठी नवीन आहे. किती भरवशाचं आहे? त्या टाकीच्या शेजारून माझी माणसं रोज ये-जा करतात, म्हणून नीट समजून घ्यायचंय. कुणी प्रत्यक्ष केलंय का?

डिचोलीकर:
अमोनिया आणि "काहीच करायला नको" हे एका वाक्यात ऐकलं की मी आधी खिडकी उघडतो. जाणकार लिहितील, वाचतोय.

वेल्डरकाका:
कुळागरबाब, वास्कोला आधी जहाजांचं वेल्डिंग, मग टाक्यांची तपासणी यातच नोकरी संपली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मडकं घेताना आपण बोटाने टकटक वाजवून बघतो. अल्ट्रासोनिक त्या जातीचं. लहर आपण पाठवायची आणि परत काय येतं ते वाचायचं. एई म्हणजे मडक्यात पाणी भरून कान लावून बसणं. आपण काहीच पाठवत नाही. पत्र्यावर ताण आला आणि चीर केसभर जरी पुढे सरकली, तरी तिथे साठलेली ऊर्जा झटक्यात सुटते आणि लहर होऊन पत्र्यातून पसरते. ही लहर माणसाला ऐकू येत नाही. आपला कान २० किलोहर्ट्झच्या वर जात नाही आणि पोलादी टाकीला लावायचे सेन्सर साधारण १५० किलोहर्ट्झला तयार केलेले असतात. पिझोइलेक्ट्रिक चकती, तिच्याखाली ग्रीसचा पातळ थर, वरून चुंबकाची पकड. बस.

सेन्सर टाकीभर काही मीटर अंतराने लावतात. एकच लहर तीन-चार सेन्सरना वेगवेगळ्या वेळी पोचते आणि त्या वेळेच्या फरकावरून जागा काढता येते. पोलादात लहर सेकंदाला तीन ते सहा किलोमीटर धावते, तेव्हा हा फरक मायक्रोसेकंदांत मोजायचा असतो. सगळी टाकी एकदम ऐकली जाते हे खरं आहे. मॅनहोल उघडायला लागत नाही हेही खरं.

पण जी चीर वाढत नाही ती बोलत नाही. शिवाय बोलली तरी ती किती खोल आणि किती लांब हे एई सांगत नाही. "या वेल्डपाशी काहीतरी हलतंय" एवढंच कळतं. तिथे जाऊन यूटी करायलाच लागतं. तेव्हा "काहीच करायला नको" म्हणणाऱ्याला आधी विचार, आवाज सापडला तर पुढे काय करणार? आणि ते काम त्याच दरात आहे का?

फर्मागुडी_फायनल:
काका, एई यंत्र तपासायला पेन्सिलीचं शिसं मोडतात असं वाचलं. खरंच असं करतात?

वेल्डरकाका:
खरंच. स्यू-नीलसन सोर्स म्हणतात त्याला. मेकॅनिकल पेन्सिलीचं ०.५ किंवा ०.३ मिलिमीटरचं टू-एच शिसं साधारण ३ मिलिमीटर बाहेर काढायचं, तिरकं टेकवायचं आणि पत्र्यावर मोडायचं. दर वेळी जवळजवळ सारखीच लहर निघते. टेस्टच्या आधी प्रत्येक सेन्सरजवळ मोडतात आणि नंतर पुन्हा मोडतात. मधल्या वेळात एखादा सेन्सर सैल झाला असेल, ग्रीस वाळलं असेल, तर लगेच समजतं. कुळागर, टेस्टच्या दिवशी हे स्वतः उभं राहून बघ. नंतरचं शिसं न मोडताच सामान आवरायला लागले तर थांबव.

नरकासुर:
एवढं महागडं यंत्र, आणि त्याला पास-नापास करणार पोरांच्या कंपासमधली पेन्सिल! आजपासून आमच्या मुलीला शिसं मोडल्याबद्दल कुणी ओरडायचं नाही.

आबोली:
नरकासुर, मुलीला पेन्सिलच्या जोडीला अजून एक प्रयोग द्या. कल्हईसाठी कथील मिळतं ना, त्याची बोटाएवढी कांडी कानाजवळ धरून वाकवायला सांगा. कुरकुर स्पष्ट ऐकू येते. कथलाच्या स्फटिकांची रचना ताणाखाली झटक्यात कलते, त्याचा तो आवाज. एई कानाने ऐकता येतं अशा थोड्या जागांपैकी ही एक. मी दरवर्षी वर्गात करून दाखवते. आधी मागच्या बाकावर गप्पा चाललेल्या असतात, आणि पहिली कुरकुर झाली की सगळे पुढे येतात.

थोडा इतिहास. १९५० साली म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात योसेफ कायझर यांनी यावर डॉक्टरेटचा प्रबंध केला. त्यांना दिसलं की धातूचा तुकडा एकदा ताणला, सोडला आणि पुन्हा ताणला, तर आधी जेवढा ताण दिला होता तिथवर तो गप्प राहतो. ती पातळी ओलांडली की पुन्हा आवाज सुरू. याला कायझर परिणाम म्हणतात. कुळागर, तुमच्या बुलेटसाठी हा मुद्दा फार कामाचा आहे. सध्या घाईत आहे, रात्री लिहिते.

मांडवीकाठ:
विषय टाकीचा आहे, पण गोव्यात राहून पुलाचा विषय टाळणं मला जमत नाही.

१९८६ च्या पावसाळ्यात पणजीचा मांडवी पूल पडला तेव्हा मी शाळेत होतो. फेरीबोटीसाठी लागलेल्या रांगा अजून आठवतात. त्या पुलाच्या काँक्रीटच्या आतल्या प्रीस्ट्रेसिंगच्या तारा (काँक्रीट आवळून धरणाऱ्या ताणलेल्या तारा) गंजल्या होत्या. खारी हवा, त्यात आपला पाऊस. डक्टच्या (नळीच्या) आत असलेली तार वरून दिसत नाही. हातोडीने वाजवून कळत नाही. अल्ट्रासोनिकने तिच्यापर्यंत पोचणंही कठीण. पुढे सिव्हिलला गेलो त्याला तो पूल बराचसा कारण आहे.

अशा ठिकाणी एईला तोड नाही असं माझं मत आहे. ताणलेली तार तुटते तेव्हा तिच्यातली सगळी ऊर्जा एका क्षणात बाहेर पडते. काँक्रीटमध्ये लहर लवकर विरते हे खरं, म्हणून तिथे कमी फ्रिक्वेन्सीचे, साधारण ६० किलोहर्ट्झचे किंवा त्याहून खालचे सेन्सर वापरतात. लंडनचा हॅमरस्मिथ फ्लायओव्हर १९६१ चा. त्याच्या तारा हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजत होत्या. तिथे बसवलेल्या सेन्सरनी तारा तुटताना ऐकल्या. तपासणी झाली आणि २०११ च्या डिसेंबरमध्ये फ्लायओव्हर बंद करून दुरुस्ती केली. स्कॉटलंडच्या फोर्थ रोड ब्रिजच्या मुख्य केबल २००४ साली उघडून बघितल्या तर आत गंजलेल्या आणि तुटलेल्या तारा निघाल्या. त्यानंतर २००६ मध्ये त्यांनी केबलवर अशीच ऐकण्याची यंत्रणा बसवली.

पण सेन्सर लावण्याच्या आधी तुटलेली तार यंत्राला कळत नाही. तिचा आवाज होऊन गेला. म्हणून केबलवर उभ्या असलेल्या पुलांसाठी, आपल्याकडचा २०१९ चा अटल सेतू घ्या किंवा झुआरीवरचा नवा पूल घ्या, हे काम पूल नवा असतानाच सुरू व्हायला हवं. मोजणी शून्यापासून झाली तरच वीस वर्षांनी तिला अर्थ राहतो.

नरकासुर:
झुआरीचा जुना पूल १९८३ चा. आगशीहून कुठ्ठाळीला जाताना त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलो की तो हलायचा ते पायाला कळायचं. तो पण गंजाचा परिणाम का?

मांडवीकाठ:
नाही, पूल थोडा हलणं वेगळं. प्रत्येक पूल भाराखाली हलतो, हलायलाच हवा. ती कंपनं सेकंदाला दोन-चार, आणि आपण बोलतोय ती सेकंदाला हजारो-लाखो. पाय हलण्यावरून तार तुटली की नाही हे कळत नाही. म्हणूनच वेगळे सेन्सर लागतात.

डिचोलीकर:
आमच्याकडच्या लोखंडाच्या खाणी उघड्या, डोंगर वरून कापत जाणाऱ्या. कोलारची सोन्याची खाण मात्र तीन किलोमीटरच्या खाली गेली होती. तिथे दगड ताणाने अचानक फुटायचा, रॉकबर्स्ट. कामगार जायचे त्यात. माझे मामा तिथे कामाला होते. ते सांगायचे, दगड आधी कुरकुरतो, जुन्या माणसांना ते कळायचं, ती हातातलं काम टाकून मागे सरायची. पुढे तिथे जमिनीत सेन्सर बसवून ऐकायला सुरुवात झाली. विषय तोच ना हा?

आबोली:
अगदी तोच. खाणीतल्या दगडाचे आवाज नोंदवण्याचं काम अमेरिकेत १९३० च्या दशकाअखेरीस सुरू झालं, म्हणजे कायझर यांच्या आधी. भूकंप, दगड फुटणं आणि पोलादातली चीर यांची जात एकच, आकार आणि फ्रिक्वेन्सी वेगळी. काँक्रीटचं एई वाचणारे लोक भूकंपशास्त्रातला बी-व्हॅल्यूसुद्धा वापरतात. बारीक आवाज खूप आणि मोठे थोडे हे प्रमाण बदलायला लागलं, मोठे वाढले, की बारीक चिरा एकत्र येऊन मोठी चीर होतेय असा अंदाज बांधतात.

सत्तरीची_सून:
मी इंजिनिअर नाही, पण धागा पूर्ण वाचला. आमचं वाळपईजवळचं घर सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं. वासे आणि आढं जुन्या सागवानाचं. रात्री लाकूड कधी कधी कडकन वाजतं. सासूबाई म्हणतात, लाकूड वाजतंच. मला वाळवीची भीती वाटते. हे यंत्र लाकडाला चालतं का?

आबोली:
ताई, लाकूड वाजतं ते बहुतेक वेळा हवेतल्या ओलाव्याने आणि दिवस-रात्रीच्या तापमानाने फुगतं-आकसतं म्हणून. ते मोठं, एकटं, मधूनच येतं. वाळवी लाकडाचे तंतू तोडते तेव्हाही लहर निघते, पण ती कानाला ऐकू येत नाही. एईने वाळवी ओळखण्यावर बरंच संशोधन झालंय आणि ते चालतं. लाकडात एक लांब स्क्रू पिळायचा, त्याच्या डोक्यावर सेन्सर लावायचा आणि ऐकायचं. वाळवी चरत असेल तर बारीक टिकटिक एकामागून एक येत राहते. अडचण अशी की लाकडात लहर फार लांब जात नाही, तंतूंना आडवी तर लवकरच मरते. प्रत्येक वाशाला वेगळं ऐकावं लागेल.

सत्तरीची_सून:
म्हणजे घरासाठी परवडणारं नाही.

वेल्डरकाका:
नाही परवडणार, बाय. वासा भिंतीत जिथे घुसतो तिथे आधी बघ. ओल तिथेच धरते. जाड पेचकस घे आणि दाबून बघ. टोक सहज आत गेलं तर सुताराला बोलाव. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून वर चढलेल्या दिसतात का तेही बघ. हे चतुर्थीची सफसफाई करताना होऊन जाईल.

सत्तरीची_सून:
देव बरें करूं, काका. या रविवारी बघते.

होडीकार:
मध्येच विचारतो. मालिमला माझ्या एका मित्राची फायबरची होडी आहे. पावसाळ्यात दगडावर घासली. बाहेरून रंग मारून झालंय. आतून फायबर सुटलंय का हे याने कळेल?

आबोली:
फायबरमध्ये गंमत अशी की कायझर परिणाम तिथे अर्धवटच लागू पडतो. इजा झालेलं फायबर आधीच्या भारापर्यंत पोचण्याच्या आतच आवाज करायला लागतं. आवाज ज्या भाराला सुरू झाला त्याला आधीच्या सर्वांत मोठ्या भाराने भागलं की फेलिसिटी रेशो मिळतो. तो एकच्या जितका खाली, तितकी इजा जास्त. रासायनिक कारखान्यांतल्या फायबरच्या टाक्या याच हिशेबाने तपासतात. होडीला मात्र भार मोजून देणं अवघड. नाण्याने टकटक वाजवत जा. फायबर सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो.

तळमजला:
वास्कोच्या बाजूला तेलाच्या टाक्यांच्या तळाची एई टेस्ट चालली होती तेव्हा मी कंत्राटदाराचा माणूस म्हणून तिथे होतो. टाकी भरून शांत ठेवली, पंप बंद, मिक्सर बंद, खालच्या वलयाला चारी बाजूंनी सेन्सर. तळाच्या पत्र्यावरचा गंज पापुद्रे सुटताना आवाज करतो आणि तो द्रवातून भिंतीपर्यंत येतो. शेवटी ए पासून ई पर्यंत श्रेणी देतात. ए म्हणजे अजून काही वर्षं ठीक, ई म्हणजे लगेच उघडा. बऱ्याच टाक्या असतील तर कोणती आधी उघडायची ते यावरून ठरतं, कारण एक टाकी उघडून साफ करणं म्हणजे केवढं काम ते मी बघितलंय.

त्यात मध्येच अवकाळी पाऊस आला. झालं. थेंब छपरावर पडले की सगळ्या चॅनलवर आकडे धावायला लागले. टेस्ट थांबवली आणि पाऊस जाईपर्यंत सगळे बसून राहिले. तेव्हा कुळागर, आपल्याकडे हे काम पावसाळ्यात ठरवूच नका.

मांडवीकाठ:
आता थोडा विरोध नोंदवतो. काका म्हणतात चीर बोलली तर कळतं. पण चांगलं चिवट पोलाद हळूहळू फाटतं तेव्हा फार कमी आवाज करतं. ठिसूळ काँक्रीट कडकडतं, चिवट पत्रा नाही. म्हणजे बुलेटमध्ये वाढती चीर असूनही यंत्र शांत राहू शकतं. मग रिपोर्टवर "दोष आढळला नाही" असा शिक्का बसणार आणि साहेब पुढची काही वर्षं निर्धास्त. पुलाला मी एई लावीन. अमोनियाच्या बुलेटला फक्त एईवर सोडणार नाही.

वेल्डरकाका:
मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. प्रयोगशाळेतली चीर स्वच्छ असते. चालू टाकीतल्या चिरेच्या तोंडांत गंज साचलेला असतो, ऑक्साइड असतं. दाब वाढला की ती तोंडं घासतात, तो थर फुटतो, आणि त्याचा आवाज येतो. पोलाद गप्प राहिलं तरी त्यातला गंज बोलतो. जुन्या टाक्यांत आम्हाला जे मिळायचं त्यात असं बरंच असायचं. तरी तुमचा शेवटचा मुद्दा मला मान्य. शांत रिपोर्ट म्हणजे टाकी चांगली असा अर्थ मीही कधी काढला नाही.

कोथरूडकर:
धागा उशिरा दिसला. मी दाबाच्या टाक्यांवर एई करतो आणि अमोनियावर केलेलं आहे. मूळ प्रश्नाकडे येतो.

अमोनियाच्या कार्बन स्टील टाकीला मुख्य भीती स्ट्रेस करोजनची. वेल्डच्या शेजारी, जिथे पत्र्यात वेल्डिंगचा ताण अडकून राहिलेला असतो, तिथे बारीक चिरा फुटतात. त्याला ऑक्सिजन लागतो. शुद्ध, कोरड्या अमोनियात थोडी हवा शिरली की सुरुवात होते. म्हणून अमोनियात किमान ०.२ टक्के पाणी ठेवतात, त्याने हा प्रकार बराच दबतो. बांधणीनंतर स्ट्रेस रिलिव्हिंग (टाकी तापवून वेल्डिंगचा ताण काढणं) झालं असेल तर आणखी चांगलं.

टाकी उघडली की नेमका हाच ऑक्सिजन आत जातो. पुन्हा भरताना पर्जिंग नीट झालं नाही, तर तपासणीनेच चिरांना खाद्य मिळतं. म्हणजे "उघडायला नको" या एजन्सीच्या बोलण्यामागे फक्त धंदा नाही, त्याला तांत्रिक आधार आहे. पण एई आतल्या तपासणीची जागा केव्हा घेईल, हे ती टेस्ट कशी केली यावर आहे.

कुळागर, टेस्ट कधी ठरवलीय? आणि दाब किती वाढवणार म्हणताहेत?

कुळागर:
डिसेंबर म्हणताहेत, पाऊस नसतो म्हणून. "चालू दाबाच्या दहा टक्के वर" असं पत्रात आहे. बुलेट उघड्यावर आहे, वर शेड नाही.

कोथरूडकर:
मग इथेच थांबा.

अमोनियाचा दाब तुम्ही ठरवत नाही, हवामान ठरवतं. आतला द्रव २८ अंशांना असेल तर गेजवर साधारण १० बार, ३५ अंशांना साडेबाराच्या आसपास. डिसेंबरच्या सकाळी १० वर दहा टक्के म्हणजे ११. आणि मे महिन्याच्या दुपारी तीच बुलेट बारा-साडेबारा सोसून बसलेली. वर आबोलीताईंनी कायझर सांगितलाय तो आठवा. जी चीर मे महिन्यापासून तेवढीच आहे ती ११ ला तोंड उघडणार नाही. रिपोर्ट स्वच्छ येईल आणि त्याला काही अर्थ नसेल.

दहा टक्के मोजायचे ते चालू दाबावर नाहीत. मागच्या वर्षभरात टाकीने प्रत्यक्ष जो सर्वांत जास्त दाब बघितला त्याच्यावर. वाढवायचा ऑक्सिजन नसलेल्या नायट्रोजनने, सावकाश, टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्यावर दाब धरून ठेवायचा. दाब चढताना येणाऱ्या आवाजापेक्षा दाब स्थिर असतानाचा आवाज मी जास्त गंभीर धरतो. भार वाढत नाही आणि तरी काहीतरी सरकतंय, हे वाईट लक्षण.

मांडवीकाठ:
पण मे नंतर जी चीर वाढली असेल ती तर ११ ला पण बोलेल ना? तुम्ही म्हणता तेवढी टेस्ट वाया जात नाही.

कोथरूडकर:
बरोबर, वाढलेली बोलू शकते. मूळच्या आकाराची, जी पुढच्या मे महिन्यात सरकायची वाट बघतेय, ती नाही बोलणार. मला ती पण ऐकायचीय. दाब दोन बारने जास्त नेला की दोन्ही ऐकू येतात, मग कमीवर का थांबायचं?

बाकी काही गोष्टी पत्रात घालून घ्या. टेस्टआधी काही वेळ नुसतं ऐकायचं, दाब न वाढवता. पंप, कॉम्प्रेसर, गळकं ग्लँड, जवळच चाललेलं ग्राइंडिंग, सगळं तेव्हाच सापडतं. गॅस गळतीचा आवाज तर सतत येतो आणि बाकी सगळं झाकून टाकतो. आवाज आला त्या जागी यूटी कोण करणार, किती दिवसांत, हे आधीच ठरवा. आणि सही कुणाची ते विचारा. आयएसओ हे नाव नुसतं माहितीपत्रकात छापून भागत नाही. आयएसओ ९७१२ किंवा एसएनटी-टीसी-१ए (तपासणी करणाऱ्यांची पात्रता ठरवणारी मानकं) खाली एईमधला लेव्हल २ तिथे हजर हवा आणि निष्कर्षावर लेव्हल ३ ची सही हवी. यूटीचा लेव्हल ३ चालणार नाही. पद्धत एएसएमई (अमेरिकन अभियांत्रिकी संहिता) सेक्शन ५, आर्टिकल १२ प्रमाणे असं लिहून घ्या, धातूच्या टाक्यांसाठी तेच आहे.

वेल्डरकाका:
आणि एईचा रिपोर्ट आतल्या तपासणीऐवजी चालेल का, हे एजन्सीने ठरवायचं नाही. आल्तिनोला इन्स्पेक्टोरेट ऑफ फॅक्टरीज अँड बॉयलर्समध्ये जा, तुमच्या कॉम्पिटंट पर्सनला (सरकारमान्य तपासनिसाला) बरोबर ने आणि उत्तर लेखी घे. टाकी एसएमपीव्ही नियमांखाली (दाबाच्या टाक्यांचे केंद्रीय नियम) येत असेल तर पेसोलाही (ते नियम बघणारं केंद्रीय खातं) विचारावं लागेल. साहेबांना सांग, हे पत्र आल्याशिवाय शटडाऊन रद्द करू नका.

फर्मागुडी_फायनल:
आबोलीताई, फायनल इयरचा प्रोजेक्ट यावर करायचाय. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, चार पिझो बझरच्या चकत्या, कॉलेजचा ऑसिलोस्कोप, आणि पेन्सिलीने शिसं मोडून जागा शोधायची. जमेल?

आबोली:
जमेल, छान प्रोजेक्ट आहे. पत्र्यातली वेगवान लहर मायक्रोसेकंदाला पाचेक मिलिमीटर जाते, त्यामुळे वेळ एक मायक्रोसेकंद चुकली तरी जागा काही मिलिमीटर चुकू शकते. तिच्यामागून हळू लहर येते, तीच बहुतेक मोठी दिसते, आणि ऑसिलोस्कोप तिच्यावर ट्रिगर होतो. सगळ्यांचं उत्तर तिथेच बिघडतं. चारही चॅनलवर पहिल्या लहरीचं टोक हाताने शोधायला शिक, मग प्रोग्रॅम लिही. पत्र्याची कड मातीने किंवा पुटीने झाक, कडेवरून परत येणाऱ्या लहरी कमी होतील. आणि चकत्यांखाली ग्रीस लाव.

कुळागर:
सगळ्यांचे आभार. दोन दिवस कामात होतो.

गेल्या वर्षीचं लॉगबुक काढलं. मे महिन्यात एका दुपारी १२.८ किलो (चौरस सेंटीमीटरला, म्हणजे जवळजवळ तेवढेच बार) नोंद आहे, त्याच्या आसपासच्या इतरही बऱ्याच नोंदी आहेत. डिसेंबरच्या नोंदी दहा-सव्वादहा. म्हणजे एजन्सीचे दहा टक्के धरले असते तर सव्वाअकरालाच थांबलो असतो.

साहेबांशी बोललो. लॉगबुक समोर ठेवल्यावर त्यांनाही पटलं. आता ठरलंय असं: इन्स्पेक्टोरेटला पत्र गेलंय. उत्तर येईपर्यंत शटडाऊन रद्द नाही. एजन्सीला कोथरूडकरांचे मुद्दे जसेच्या तसे पाठवले. ऐकण्याचा वेळ, यूटीची जबाबदारी आणि लेव्हल ३ ची सही या तिन्ही गोष्टी त्यांनी मान्य केल्या. दाबाबद्दल त्यांचं म्हणणं, १४ पर्यंत नेऊ, पण रिलीफ व्हॉल्व्हचं (जास्त झालेला दाब आपोआप सोडणारा) सेटिंग आधी कळवा.

कोथरूडकर:
१२.८ वर पाच ते दहा टक्के म्हणजे साडेतेरा ते चौदा, बरोबर सांगताहेत. सेटिंग आणि डिझाइन प्रेशर दोन्ही नेमप्लेटवरून वाचा, जुन्या कागदावरून नको. व्हॉल्व्ह उडायच्या आधी किंचित फुसफुसायला लागतो आणि तो आवाज सेन्सरमध्ये भरतो, तेव्हा १४ आणि सेटिंग यांत चांगलं अंतर हवं.

कुळागर:
नेमप्लेटवर रंगाचे थर आहेत. उद्या सकाळी खरवडून बघतो आणि इथे लिहितो.